वचनांमागची भांडणं

स्वातंत्र्यावर बोलायला कुणी उभं राहिलं की बेंजामिन फ्रँकलिनचं एक वाक्य हमखास येतं. थोड्याशा तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी जे आपलं मूलभूत स्वातंत्र्य देऊन टाकतात, ते ना स्वातंत्र्याच्या लायकीचे असतात ना सुरक्षिततेच्या. पोलिसांना जादा अधिकार देणारा कायदा आला की हे वाक्य निघतं, सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतंय अशी बातमी आली की निघतं. वाक्य फ्रँकलिनचंच आहे, त्यात वाद नाही. पण त्याने ते लिहिलं तेव्हा विषय होता जमिनीवरच्या कराचा.

१७५५ साली पेनसिल्व्हेनिया ही ब्रिटिश वसाहत पेन घराण्याच्या मालकीची होती. मालक इंग्लंडात, त्यांनी नेमलेला गव्हर्नर फिलाडेल्फियात, आणि सरहद्दीवर फ्रेंचांच्या बाजूने उतरलेल्या मूलनिवासी टोळ्यांचे हल्ले. बंदोबस्ताला पैसा हवा होता. तिथल्या निवडून आलेल्या सभेने जमिनींवर कर बसवायचं ठरवलं आणि त्यात पेन घराण्याच्या अफाट जमिनीही धरल्या. गव्हर्नर अडून बसला: मालकांच्या जमिनी वगळल्याशिवाय मंजुरी नाही. फ्रँकलिनने सभेसाठी लिहिलेल्या ११ नोव्हेंबर १७५५ च्या उत्तरात सभेने त्याला जे सुनावलं, त्यात हे वाक्य आहे. म्हणजे इथलं स्वातंत्र्य हे सभेच्या कर लावण्याच्या अधिकाराचं, आणि सुरक्षितता म्हणजे तो अधिकार सोडून पदरात पडणारा सरहद्दीचा बंदोबस्त. सरकारचे हात बांधावेत म्हणून आज जे वाक्य फेकलं जातं, ते मुळात लोकनियुक्त सभेचे हात मोकळे राहावेत म्हणून लिहिलेलं होतं. गंमत अशी की त्याला मूळ जागेवरून उचलण्याचं पहिलं कामही फ्रँकलिननेच केलं. पेनसिल्व्हेनियाच्या कारभाराचा इतिहास सांगणारं एक पुस्तक १७५९ मध्ये त्याने लंडनला छापवून घेतलं, आणि त्याच्या पहिल्याच पानावर हे वाक्य ब्रीद म्हणून टाकलं.

स्वातंत्र्य, राज्यकारभार, महत्त्वाकांक्षा, आयुष्य या विषयांवरची जी वाक्यं टिकली, त्यांच्या मुळाशी गेलं तर बहुतेक वेळा असंच काहीतरी हाती लागतं. निवांत बसून जगाला उपदेश करावा म्हणून ती कुणी लिहिलेली नाहीत. समोर कुणीतरी होतं, काहीतरी अडलेलं होतं, आणि वाक्य त्या माणसाला उद्देशून होतं. पुढे समोरचा माणूस विस्मरणात जातो, वाक्य आखूड होतं, जमलंच तर एखाद्या मोठ्या नावाखाली जाऊन बसतं, आणि मग कुणीही कुठेही वापरायला मोकळं.

या प्रकाराची सुरुवात छापखान्याच्या फार आधीची आहे. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीला पेरिक्लीसने भाषण केलं. सुख स्वातंत्र्यात आहे आणि स्वातंत्र्य धैर्यात आहे, हे त्यातलं वाक्य. ते आपल्यापर्यंत आलं थ्युसिडिडीसच्या इतिहासातून. आणि थ्युसिडिडीस पुस्तकाच्या सुरुवातीलाच स्वच्छ सांगून टाकतो की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं त्याला आणि त्याला माहिती देणाऱ्यांनाही कठीण गेलं. म्हणून त्या त्या प्रसंगी वक्त्याला जे बोलणं भाग होतं असं वाटलं, ते त्याने, एकूण आशयाला शक्य तितकं धरून, त्याच्या तोंडी घातलं. इतका प्रामाणिक खुलासा नंतरच्या वचनसंग्रहांमध्ये शोधूनही सापडत नाही.

सॉक्रेटिसचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘न तपासलेलं आयुष्य जगण्याच्या लायकीचं नाही’ हे वाक्य आज आत्मपरीक्षणाचा सल्ला म्हणून फिरतं. प्लेटोने ते सॉक्रेटिसच्या तोंडी दिलं आहे ते इ.स.पू. ३९९ च्या खटल्यात, आणि खटल्यातही एका विशिष्ट टप्प्यावर. तो दोषी ठरला आहे. शिक्षा काय द्यायची एवढंच उरलं आहे. अथेन्सच्या पद्धतीप्रमाणे आरोपीने स्वतःसाठी पर्यायी शिक्षा सुचवायची असते. सॉक्रेटिस आधी म्हणतो, मला नगराच्या खर्चाने जेवू घाला, विजेत्या खेळाडूंना घालता तसं. मग तो हद्दपारीचा विचार करतो. कुणीतरी म्हणेल, बाबा रे, दुसरीकडे जाऊन गप्प का राहत नाहीस? त्यावर तो सांगतो की गप्प राहणं जमणार नाही. तसं करणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं, असं म्हटलं तर तुम्हाला थट्टा वाटेल. आणि माणसासाठी सर्वांत चांगलं काय, तर रोज सद्गुणांची चर्चा करणं, न तपासलेलं आयुष्य जगण्यालायक नाही, असं म्हटलं तर तुमचा आणखीनच विश्वास बसणार नाही. शेवटी मित्रांच्या हमीवर तीस मिना दंड सुचवतो. न्यायाधीश मृत्युदंड देतात. डायरी लिहिण्याच्या वहीवर छापलेल्या त्या वाक्यात ‘तोंड बंद ठेवणार नाही’ ही अर्धी बाजू उरलेलीच नाही.

महत्त्वाकांक्षेवरच्या वचनांचा वंश सीझरपर्यंत जातो. आल्प्समधलं एक दरिद्री खेडं ओलांडताना बरोबरचे लोक हसत विचारतात, इथेही पदांसाठी चुरस असेल का? सीझर गंभीरपणे म्हणतो, रोममध्ये दुसरा असण्यापेक्षा मी इथे पहिला असणं पसंत करीन. हे सांगतो ग्रीक चरित्रकार प्लूटार्क, सीझरनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, आणि तोही ‘असं म्हणतात’ या सुरात. याच विचाराला १६६७ मध्ये इंग्रज कवी मिल्टनने सैतानाच्या तोंडी घातलं: स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य बरं. सैतानाचं वाक्य आज यशाची प्रेरणा म्हणून भिंतीवर लागतं, याला काय म्हणावं!

पण महत्त्वाकांक्षेबद्दलचं सर्वांत कामाचं वाक्य मला जेम्स मॅडिसनचं वाटतं. १७८८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावाने अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेची बाजू मांडणारी लेखमाला चालू होती. तिच्या ५१ व्या लेखात आहे: महत्त्वाकांक्षेला आवरायला महत्त्वाकांक्षाच उभी केली पाहिजे. लगेच पुढे, माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती. तोवर नीतिकारांनी महत्त्वाकांक्षेला दुर्गुण म्हणून झोडपलं होतं किंवा कवींनी तिला झळाळी दिली होती. मॅडिसनने दोन्ही टाळलं. घटनेचे विरोधक म्हणत होते, नव्या केंद्र सरकारातली माणसं सगळी सत्ता बळकावतील. मॅडिसनचं उत्तर असं की बळकावू पाहणारच, म्हणून संसद, अध्यक्ष आणि न्यायालय यांना एकमेकांच्या आड येण्याची साधनं आणि त्यात स्वार्थही देऊन ठेवा. हा लेख मॅडिसनचा की त्याच लेखमालेतल्या दुसऱ्या लेखकाचा, हॅमिल्टनचा, यावर पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद चालला. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी वादग्रस्त लेखांमधल्या अगदी किरकोळ, कुणी लक्षही देणार नाही अशा शब्दांची वारंवारता मोजली आणि पारडं मॅडिसनच्या बाजूला झुकवलं. वचनाचा धनी ठरवायला वचनाबाहेरचे शब्द उपयोगी पडले.

आता स्वातंत्र्याच्या सर्वांत गाजलेल्या घोषणेकडे. ‘मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या.’ पॅट्रिक हेन्री, २३ मार्च १७७५, व्हर्जिनियातल्या रिचमंड गावचं सेंट जॉन्स चर्च. प्रश्न होता, व्हर्जिनियाने इंग्लंडविरुद्ध सशस्त्र तयारी करायची की अजून अर्ज-विनंत्या चालू ठेवायच्या. हेन्री भाषण लिहून काढत नसे, आणि त्या दिवशी कुणी ते उतरवूनही घेतलं नाही. १७९९ मध्ये तो वारला. भाषणाचा मजकूर छापून आला तो १८१७ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, विल्यम वर्ट या वकिलाने लिहिलेल्या चरित्रात. वर्टने ते भाषण ऐकलेलं नव्हतं. त्याने हयात असलेल्या म्हाताऱ्यांना पत्रं लिहिली, सेंट जॉर्ज टकर यांच्यासारख्यांनी आठवेल तसं कळवलं, आणि त्यावरून वर्टने भाषण उभं केलं. ऐकणाऱ्यांवर ते भाषण जबरदस्त ठसलं होतं, याला साक्षी आहेत. शेवटच्या ओळीसारखं काहीतरी हेन्री बोलला असणार, असं मानायला जागाही आहे. कारण ती ओळ त्या पिढीच्या तोंडातच होती. इंग्रज लेखक जोसेफ ॲडिसनच्या १७१३ च्या ‘केटो’ या नाटकात सीझरशी झुंजणारा नायक म्हणतो, आता बोलायचं ते फक्त बेड्या किंवा विजय, स्वातंत्र्य किंवा मरण यांबद्दल. वसाहतींमध्ये हे नाटक इतकं लोकप्रिय होतं की १७७८ मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत वॉशिंग्टनच्या सैन्यासमोर त्याचा प्रयोग झाला. १७७६ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेला हेर नेथन हेल ‘देशाला द्यायला माझ्याजवळ एकच जीव आहे याचंच दुःख’ असं म्हणाला, अशी कथा आहे. तिचाही उगम बहुधा याच नाटकातल्या एका ओळीत आहे.

हेन्रीच्या घोषणेला नेमका लागू पडणारा टोला त्याच वर्षी, तिच्या थोडा आधीच, लगावला गेला होता, तो मात्र सोयीस्करपणे मागे राहिला. १७७५ मध्ये लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सनने वसाहतींच्या विरोधात एक पुस्तिका काढली. त्यात त्याने विचारलं, स्वातंत्र्याच्या नावाने सर्वांत मोठा कोलाहल गुलाम हाकणाऱ्यांच्याच तोंडून का ऐकू येतो? जॉन्सन राजाच्या बाजूचा होता, सरकारी पेन्शनही घेत होता, म्हणून त्याचा हेतू शुद्ध समजायचं कारण नाही. पण नेम बरोबर बसला. हेन्री गुलामांचा मालक होता आणि त्याला ते सलतही होतं. जानेवारी १७७३ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका परिचिताला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की गुलामीचं समर्थन आपण करत नाही, करूही शकत नाही, पण त्यांच्याशिवाय इथे राहणं गैरसोयीचं आहे म्हणून आपण त्या ओघात ओढले जातो. घोषणा आणि हे पत्र यांत दोन वर्षांचं अंतर आहे. एकाच माणसाची ही दोन वाक्यं शेजारी शेजारी छापलेली क्वचितच दिसतात.

स्वातंत्र्याची किंमत म्हणजे अखंड जागरूकता, हे जेफरसनच्या नावावर खपतं. जेफरसनच्या लिखाणात ते नाही. जॉन फिलपॉट करन या आयरिश वकिलाने १७९० मध्ये डब्लिनच्या महापौराच्या निवडीवरून झालेल्या तंट्यात याच अर्थाचं वाक्य उच्चारलं होतं, आणि आजचं आटोपशीर रूप १८५२ मध्ये गुलामगिरीविरोधी वक्ता वेंडेल फिलिप्सच्या भाषणात मिळतं. महापौराची निवडणूक आणि गुलामांची मुक्ती, दोन्हीकडे चाललं म्हणजे वाक्यात दम आहे खरा.

रूसोच्या नशिबी वेगळाच प्रकार आला. त्याचं वाक्य त्याचंच राहिलं, शब्दही तेच राहिले, फक्त पुढची वाक्यं गळाली. ‘माणूस स्वतंत्र जन्मतो आणि सर्वत्र तो बेड्यांत आहे’, ‘सामाजिक करार’ हे पुस्तक, १७६२. हे वाचून पुढे बेड्या तोडा असं येणार असं वाटतं. रूसो म्हणतो, हा बदल कसा झाला? मला ठाऊक नाही. तो न्याय्य कशाने ठरेल? या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकेन असं मला वाटतं. म्हणजे अख्खं पुस्तक आहे ते कोणत्या अटींवर बंधन रास्त ठरतं याचं. जिनिव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी ते जाळलं ते मात्र नीट वाचून. राजाऐवजी लोकच सार्वभौम आहेत ही त्यातली अट त्यांना बरोबर कळली होती.

राज्यकारभारावरची वचनं तर भांडणाशिवाय जन्मलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. ‘लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं सरकार’ ही लोकशाहीची व्याख्या म्हणून पाठ करून घेतात. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गला लिंकन व्याख्या देत नव्हता. लोकशाही हा शब्दही त्या भाषणात नाही. यादवी युद्ध चालू होतं, निकाल लागलेला नव्हता, आणि लिंकन म्हणत होता की असं सरकार पृथ्वीवरून नष्ट होऊ नये म्हणून उरलेलं काम जिवंत माणसांनी पुरं करायचं आहे. शब्दांची जुळणीही त्याची एकट्याची नव्हती. १८३० मध्ये सिनेटर डॅनियल वेब्स्टरने, राज्यांना केंद्राचे कायदे धुडकावता येतात या दाव्याला उत्तर देताना, लोकांसाठी केलेलं, लोकांनी केलेलं आणि लोकांना जबाबदार असलेलं सरकार असं म्हटलं होतं. १८५० मध्ये बोस्टनचा धर्मोपदेशक थिओडोर पार्करने गुलामगिरीविरोधी परिषदेत ते ‘सगळ्या लोकांचं, सगळ्या लोकांनी, सगळ्या लोकांसाठी’ असं केलं. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन पार्करच्या पुस्तिका आणून लिंकनला देत असे. लिंकनने ‘सगळ्या’ काढला. त्या दिवशीचा प्रमुख वक्ता एडवर्ड एव्हरेट लिंकनच्या आधी दोन तास बोलला होता. दुसऱ्या दिवशी त्याने लिंकनला लिहिलं की तुम्ही दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्याच्या जितके जवळ पोहोचलात, तितका मी दोन तासांत पोहोचलो असं वाटलं तर मला आनंद होईल. टिकून राहणाऱ्या वाक्यांच्या बाबतीत लांबीचं गणित किती निष्ठुर असतं, ते एव्हरेटला चोवीस तासांत उमगलं.

‘कमीत कमी कारभार करणारं सरकार ते सर्वांत चांगलं’ हे अमेरिकी लेखक थोरोचं म्हणून सांगतात, काही ठिकाणी जेफरसनचं म्हणूनही. थोरोच्या १८४९ च्या निबंधाची सुरुवात या वाक्याने होते हे खरं, पण तो स्वतःच त्याला ‘ब्रीद’ म्हणतो. ते ब्रीद होतं जॉन ओ’सलिव्हन संपादित करत असलेल्या, १८३७ मध्ये निघालेल्या ‘डेमोक्रॅटिक रिव्ह्यू’ मासिकाचं. आता पुढची गोष्ट. हेच मासिक १८४५-४६ मध्ये अमेरिकेने सगळं खंड व्यापावं म्हणून आघाडीवर होतं. मेक्सिकोवरची चढाई आणि गुलामगिरी यांना पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही, म्हणून थोरो जुलै १८४६ मध्ये कॉन्कर्डच्या तुरुंगात एक रात्र काढून आला होता. विस्तारवाद्यांच्या मासिकाचं ब्रीद घेऊन त्याने ते त्यांच्याच सरकारवर रोखलं. थोडं पुढे तो हेही सांगतो की मला सरकार ताबडतोब नको झालेलं नाही, मला ताबडतोब चांगलं सरकार हवं आहे. सरकार नकोच म्हणणारे हा भाग सहसा गाळतात.

जनतेला तिच्या लायकीचं सरकार मिळतं, हे मतदारांना खडसावण्यासाठी वापरलं जाणारं वाक्य १८११ मधल्या एका पत्रातलं आहे. लिहिणारा जोसेफ द मेस्त्र कट्टर राजेशाहीवादी, मुक्काम सेंट पीटर्सबर्ग, आणि मुद्दा असा की रशियाला नव्या घटनात्मक कायद्यांची काही गरज नाही. मतदानाचा तिथे संबंधच नव्हता.

इंग्रज इतिहासकार लॉर्ड ॲक्टनच्या पत्राजवळ मात्र थांबायला हवं. ५ एप्रिल १८८७ ला त्याने मँडेल क्रायटनला लिहिलेल्या पत्रात ते सुप्रसिद्ध वाक्य आहे: सत्तेचा कल भ्रष्ट करण्याकडे असतो, आणि अनिर्बंध सत्ता पूर्णपणे भ्रष्ट करते. पुढारी, मंत्री, हुकूमशहा यांच्यावर आपण ते वापरतो. ॲक्टनच्या पत्रात गुन्हेगार आहेत पंधराव्या शतकाच्या अखेरचे पोप, आणि आरोपी आहे इतिहासकार. क्रायटन हा इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचा धर्मगुरू. त्याने पोपशाहीच्या इतिहासाचे खंड लिहिले आणि त्यात पोपांना बरंच सांभाळून घेतलं. ॲक्टन स्वतः कॅथलिक. उलटं व्हायला हवं होतं असं कुणालाही वाटेल, पण चिडला तो ॲक्टन. छळ आणि जाळपोळ घडवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना त्या काळाच्या मापाने मोजायचं आणि सामान्य खुन्याला मात्र फासावर द्यायचं, हे त्याला मान्य नव्हतं. पदामुळे पदावरचा माणूस पवित्र होतो यापेक्षा मोठं पाखंड नाही, असं तो त्याच पत्रात म्हणतो, आणि थोर माणसं जवळजवळ नेहमीच वाईट माणसं असतात, असंही. क्रायटन तेव्हा ‘इंग्लिश हिस्टॉरिकल रिव्ह्यू’चा संपादक होता, आपल्या पुस्तकाचं परीक्षण त्यानेच ॲक्टनकडून मागवलं होतं. आलेला कडक मजकूर त्याने आपल्याच नियतकालिकात छापला. असा संपादक विरळा! पत्र मात्र दोघांच्या मृत्यूनंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलं गेलं. तेव्हापासून त्यातला ‘कल असतो’ हा सावध भाग झिजत गेला आणि ‘सत्ता भ्रष्ट करते’ एवढंच राहिलं. इतिहासकारांनी सत्ताधीशांशी कसं वागावं हा ॲक्टनचा खरा प्रश्न तर पुरता हरवला.

लोकशाही हा सर्वांत वाईट राज्यप्रकार आहे, बाकीचे सगळे वगळता, हे चर्चिल ११ नोव्हेंबर १९४७ ला बोलला. बोलताना त्याने ‘असं म्हटलं गेलं आहे’ अशी पुस्तीही जोडली होती, ती गेली. तेव्हा तो विरोधी पक्षनेता होता आणि मजूर पक्षाच्या सरकारने लॉर्डांच्या सभागृहाचा विधेयकं लांबवण्याचा अधिकार कमी करायला आणलेल्या विधेयकाला विरोध करत होता. लोकशाहीचं हे सर्वांत लाडकं वाक्य बिनानिवडणुकीच्या सभागृहाच्या बचावात आलं आहे.

व्हॉल्तेअरची कथा आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. ‘तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन’ हे इव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये, एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकातलं वाक्य आहे. एल्व्हेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाचं पुस्तक १७५९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीरपणे जाळण्यात आलं. व्हॉल्तेअरला ते पुस्तक फारसं आवडलं नव्हतं. पण ते जाळल्यावर त्याची भूमिका अशी झाली, हे सांगताना हॉलने हे वाक्य रचलं, आणि अवतरणचिन्हांत घातलं. पुढे तिने ते आपलंच असल्याचं स्पष्टही केलं, तोवर उशीर झाला होता. मला विचाराल तर व्हॉल्तेअरच्या वृत्तीचं याहून नेमकं वर्णन दुसरं नाही, आणि श्रेय मात्र ज्याचं वर्णन केलं त्यालाच मिळालं.

या सगळ्या घसरणीला संग्रहांनी हातभार लावला. इरॅस्मसने १५०० साली पॅरिसमध्ये ग्रीक-लॅटिन म्हणींचा संग्रह काढला तेव्हा त्यात आठशेच्या आसपास नोंदी होत्या. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्या चार हजारांवर गेल्या, आणि काही म्हणींवर तर त्याने लांबलचक निबंध लिहिले. तिथे वाक्याला पार्श्वभूमी होती. १८५५ मध्ये हार्वर्डजवळ पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या जॉन बार्टलेटने परिचित अवतरणांचं पुस्तक काढलं, ते लेखकवार आणि सूचीसकट. लोक त्याला सतत विचारत, अमकं वाक्य कुणाचं, आणि तो नोंदवही ठेवून होता. सोय झाली. पण सूचीत ‘स्वातंत्र्य’ शोधलं की पान क्रमांक मिळतो, भांडण मिळत नाही.

याच्या नेमकं उलट तत्त्व एका न्यायालयाने मांडलेलं आहे. १९१६ च्या मे-जूनमध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर इथे होमरूलवर मराठीत तीन भाषणं केली. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ ही घोषणा ज्या चळवळीशी कायमची जोडली गेली, ती हीच. सरकारने भाषणांतली वाक्यं वेचून काढली, आणि पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती बॅचलर यांनी निकालात म्हटलं की भाषणं समग्र वाचली पाहिजेत, सरकारच्या किंवा अर्जदाराच्या बाजूने अर्थ ताणता कामा नये, आणि सुट्या शब्दांपेक्षा किंवा उताऱ्यांपेक्षा एकंदर परिणामाकडे जास्त लक्ष दिलं पाहिजे. राजद्रोहाच्या आरोपापुरता घालून दिलेला हा नियम वचनसंग्रहांना लागू केला, तर अर्धी पुस्तकं रिकामी होतील.

आयुष्यावरच्या वचनांमध्ये भांडण कमी आणि नावांची अदलाबदल जास्त. तुम्ही दुसरेच बेत आखत असता तेव्हा जे घडत जातं ते आयुष्य, हे जॉन लेननच्या १९८० च्या गाण्यामुळे जगभर गेलं. पण जानेवारी १९५७ च्या ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये ते चित्रकथांचा लेखक ॲलन सॉन्डर्सच्या नावावर छापलेलं आहे. आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता, हे गांधीजींचं म्हणून फिरतं. १९१८ मध्ये बाल्टिमोरला शिवणकामगारांच्या संघटनेच्या अधिवेशनात निकोलस क्लाइन या वक्त्याने असाच क्रम सांगितला होता, फक्त त्याचा शेवट ‘आणि मग तुमचे पुतळे उभारतात’ असा होता. जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा, हेही गांधीजींच्या लिखाणात या रूपात नाही. जवळचं आहे ते १९१३ च्या ‘इंडियन ओपिनियन’मधलं: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाचे कलही बदलतील. आणि ते आहे कुठे, तर आरोग्यावरच्या लेखमालेत, सर्पदंशाच्या प्रकरणात. माणसाच्या मनातलं वैर गेलं तर सापही वैर धरणार नाहीत, अशा विवेचनाच्या ओघात. पोस्टरवर साप कुणी घेत नाही.

शेवटचं उदाहरण असं की ज्यात बोलणारी व्यक्ती हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहत होती. १९७६ मध्ये लॉरेल थॅचर उलरिक या अमेरिकी इतिहासकार बाईंनी एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात न्यू इंग्लंडमधल्या प्युरिटन स्त्रियांबद्दल लेख लिहिला. धर्मगुरूंनी मृत्यूनंतर प्रवचनांत गौरवलेल्या, निमूटपणे संसार आणि प्रार्थना करत गेलेल्या या स्त्रिया इतिहासात का दिसत नाहीत, हा विषय. त्यात वाक्य आलं: शहाण्यासारखं वागणाऱ्या स्त्रिया क्वचितच इतिहास घडवतात. रोख इतिहासकारांवर होता. त्या शहाण्या स्त्रियांकडे बघा, असं त्या सांगत होत्या. १९९५ मध्ये एका लोकप्रिय पुस्तकाने ते वाक्य उचललं, आणि लोकांनी त्याचा अर्थ काढला तो बरोबर उलटा: नीट वागू नका, बंड करा. पुढच्याच वर्षी एका तरुणीने ते टी-शर्टवर छापायची परवानगी मागणारं पत्र पाठवलं. उलरिकबाईंना मजा वाटली. त्यांनी खुशाल छापा म्हणून कळवलं आणि मोबदला म्हणून एक टी-शर्ट मागून घेतला.